‘बठ्ठं बेस शे’ म्हणून उठणाऱ्या माणसाशी वन-टू-वन कशी घ्यायची?

प्रश्न थोडक्यात असा: ‘जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात मी प्रॉडक्शन मॅनेजर आहे. वय एकतीस. हाताखाली शिफ्ट इन्चार्ज, मेंटेनन्स आणि क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणारे) मिळून नऊ जण. एचआरने दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाशी वन-टू-वन, म्हणजे एकेकट्याशी मीटिंग, घ्यायला सांगितलंय आणि एक इंग्रजी फॉर्म दिलाय. एक जण चार मिनिटांत “बठ्ठं बेस शे” (अहिराणीत, सगळं बरं आहे) म्हणून उठतो. दुसरा तासभर बोलतो, तेही इतरांच्याच तक्रारी. तिसरा सगळ्याला “हो साहेब” म्हणतो आणि पुढे काही होत नाही. चौथे माझ्या वडिलांच्या वयाचे. नुकतंच आमचं स्वभावाच्या चार रंगांचं ट्रेनिंग झालं. आता ज्याच्या त्याच्या रंगाप्रमाणे मीटिंग घेऊ का?’

रंगाप्रमाणे नको. माणसागणिक मीटिंग वेगळी हवी हे खरं, पण ती रंगावरून ठरवू नका. खान्देशातल्या कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात आयुष्य गेल्यावर माझं मत असं झालंय की, शॉपफ्लोअरवर आपण ज्याला स्वभाव म्हणतो त्यातला बराच भाग जागेचा, बोलीचा, वयाचा आणि साहेबाच्या खुर्चीचा असतो. केबिनमध्ये घुम्यासारखा बसणारा माणूस कँटीनमागच्या कट्ट्यावर पाच जणांना हसवत असतो. मग त्याला अंतर्मुख म्हणायचं की बहिर्मुख? म्हणून आधी जागा बदलून बघा, बोली बदलून बघा, प्रश्न बदलून बघा. एवढं करूनही माणूस तसाच राहिला, तर तो त्याचा स्वभाव म्हणा.

रंगांचं दोन परिच्छेदांत आटपतो. ट्रेनिंगवाल्यांनी दाखवलेले चार प्रकार बहुतेक वेळा विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली मांडलेल्या विचारांवरून आलेले असतात. मार्स्टनने स्वतः अशी चाचणी कधी बनवली नाही, ती नंतरच्यांनी बनवली. (हाच गृहस्थ पुढे ‘वंडर वुमन’ या कॉमिक पात्राचा जनक झाला. कल्पक माणूस होता, एवढं नक्की.) आणि ‘अगदी माझंच वर्णन आहे!’ असं तुमच्या सगळ्या टीमला का वाटलं, त्याचं उत्तर बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ सालीच दिलं होतं. त्याने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि निकाल म्हणून प्रत्येकाच्या हातात एकच मजकूर ठेवला, बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. हे वर्णन किती जुळतं, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

स्वभाव नसतोच असं मी म्हणत नाही. मानसशास्त्रात आज जास्त टिकलेली मांडणी पाच गुणांची आहे: बहिर्मुखता, कामातला काटेकोरपणा, जुळवून घेणं, नव्याची ओढ आणि मनाची चलबिचल. पण तिथेही माणसांचे कप्पे नाहीत. प्रत्येक गुण कमीजास्त प्रमाणात असतो आणि बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात. कप्पा केला की त्रास सुरू होतो. ‘तो निळा आहे, त्याला आकडे द्या’ असं ठरलं की त्याच्या घरी काय चाललंय हे कोणी विचारत नाही.

आता तुमची माणसं. सगळ्यात आधी ‘बठ्ठं बेस शे’वाला, कारण खान्देशात ही केस सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाते.

आपल्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरायचा. मालक आणि सालदार त्या दिवशी समोरासमोर बसायचे, धान्य-पैसा-कपडा ठरायचा, की पुढचं बोलणं पुढच्या आखाजीला. मधल्या काळात मालकाने बोलावलं, तर काहीतरी बिघडलंय एवढाच अर्थ. तुमच्या कंपनीतलं अप्रेजल याहून फार वेगळं नाही. केबिनमध्ये बोलावणं दोनच कारणांनी येतं, इन्क्रिमेंटचा कागद किंवा मेमो. अशा माणसाला अचानक पंधरवड्याला बोलावून ‘आणि काय म्हणता? मोकळेपणाने बोला’ म्हटलं, तर शहाणा माणूस ‘सगळं बरं आहे’ म्हणूनच उठेल. तो स्वतःला सांभाळतोय.

त्यामुळे पहिल्या तीन-चार मीटिंगा केबिनबाहेर घ्या. शिफ्ट सुरू होण्याआधी लाइनच्या शेवटाला, जिथे पाइप कापून पडतो तिथे उभं राहा. किंवा गोदामापर्यंत चालत जा आणि परत या. शेजारी शेजारी चालताना माणूस डोळ्याला डोळा न भिडवता बोलतो. समोरासमोरच्या खुर्च्यांत त्याला जबाब दिल्यासारखं वाटतं. फक्त एक्स्ट्रूडर (पाइप काढणारं मशिन) आणि ग्राइंडरच्या आवाजात ओरडून बोलायची जागा निवडू नका, आणि जिथे चार जण कान देऊन उभे असतील तिथे तर नकोच.

दुसरं, प्रश्न वस्तूवर आणा. ‘तुमच्यासमोर काय आव्हानं आहेत?’ हा फॉर्ममधला प्रश्न आहे, आणि फॉर्मसारखंच उत्तर मिळतं. त्याऐवजी ‘काल रात्री डाय बदलल्यावर पहिला चांगला पाइप निघेपर्यंत काय काय झालं?’ असं विचारा (डाय म्हणजे पाइपचा साचा). याला ‘बरं आहे’ हे उत्तर बसत नाही, गोष्ट सांगावीच लागते. आणि गोष्टीत तुम्हाला हवं ते सगळं असतं: कोण मदतीला आलं, कोण आलं नाही, स्टोअरने काय नाकारलं.

एक माणूस आठवतो. शहाद्याकडचा फिटर. घरी पावरी (सातपुड्यातली आदिवासी बोली), सोबत्यांशी अहिराणी, साहेबाशी पुस्तकी मराठी, आणि कंपनीचा फॉर्म इंग्रजीत. म्हणजे त्याचं मन ज्या भाषेत चालतं तिथून फॉर्मपर्यंत तीन उंबरे. त्याच्या फाइलवर दोन वेगवेगळ्या साहेबांनी ‘पुढाकार घेत नाही’ असं लिहिलेलं. मग नवा इन्चार्ज आला, चाळीसगावचा. तो फारसं काही विचारत बसला नाही. कागद आणि पेन्सिल पुढे सरकवली आणि म्हणाला, ‘व्हॅक्यूम टँकचं पाणी कुठून येतं, कुठं जातं, जरा काढी दाखाड.’ फिटरने रेघा ओढायला सुरुवात केली. रेघ चिलरपाशी, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्रापाशी, आली तेव्हा पेन्सिल थांबली. तो म्हणाला, हा व्हॉल्व्ह अर्धाच उघडतो, दुपारनंतर पाणी गरम येतं, म्हणून मोठ्या साइझचा पाइप अंडाकार होतो, आणि हे मी दोन उन्हाळे सांगतोय. कोणाला सांगतोय, विचारलं, तर हेल्परला. कारण हेल्परशीच त्याला त्याच्या बोलीत बोलता येत होतं. त्यानंतर त्या माणसाच्या मीटिंगला इन्चार्ज कायम कोरा कागद घेऊन जायचा.

भाषेचं जरा आणखी सांगतो, कारण रंगांच्या तक्त्यात ही गोष्ट असूच शकत नाही. तुम्हाला अहिराणी येत असेल तर बिनधास्त बोला. ‘कसं काय भो’ एवढ्यानेच खांदे खाली येतात. येत नसेल तर नक्कल करू नका. पुण्या-मुंबईचा साहेब मोडकी अहिराणी बोलायला लागला की समोरच्याला आपली चेष्टा चालल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा सरळ सांगा: ‘तुम्ही तुमच्या बोलीत बोला, मला कळतं. नाही कळलं तर विचारीन.’ आणि खान्देश म्हणजे सगळी अहिराणी असंही धरून चालू नका. रावेर-यावल-भुसावळकडचा माणूस लेवा बोली बोलतो, जळगावच्या पूर्वेला तावडी लागते, सातपुड्यातून आलेल्यांची पावरी किंवा भिली, आणि एमआयडीसीत यूपी-बिहारची मुलं आहेत त्यांची हिंदी. एकाच लाइनवर हे सगळे उभे असतात.

तिसरं, थांबायला शिका. प्रश्न विचारून दोन सेकंदांत आपणच दुसरा प्रश्न विचारतो, आणि समोरच्याची सुटका होते. काही लोकांना उत्तर जुळवायला वेळ लागतो. त्यांना विषय आदल्या दिवशीच सांगा, ‘उद्या आपण रात्रपाळीच्या हँडओव्हरबद्दल बोलू’. व्हॉट्सअॅपवर एक ओळ टाकली तरी पुरे. मी असे लोक पाहिलेत की समोर एक शब्द नाही, आणि रात्री साडेनऊला तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज, त्यात सगळं मुद्देसूद. तो मेसेज हीच त्याची वन-टू-वन. त्याला ‘हे समोर का नाही बोललास?’ असं विचारू नका, नाहीतर तो रस्ताही बंद होईल.

दुसरा माणूस, तासभर बोलणारा. त्याच्याकडे तुम्ही त्रास म्हणून बघताय. बघू नका, कारखान्यातली निम्मी खबर त्याच्याकडे असते. मात्र त्याला मोकळं मैदान दिलंत तर तो तुमची संध्याकाळ खाईल. सुरुवातीलाच सांगा, ‘आज पाऊण तास आहे, तीन विषय घेऊ, तुमचा सगळ्यात महत्त्वाचा कोणता?’ आणि ते तीन विषय त्याच्या देखत कागदावर लिहा. अशी माणसं बोलता बोलता विचार करतात, बोलल्याशिवाय त्यांना स्वतःलाच कळत नाही की मुद्दा कोणता. म्हणून पहिली दहा मिनिटं अडवू नका. मग कागदावर बोट ठेवा. ‘यातलं एकावर आलो, दोन बाकी.’

दुसऱ्यांच्या तक्रारींना माझा एक ठरलेला प्रश्न असतो: ‘हे त्याला तुम्ही सांगणार, मी सांगू, की दोघं मिळून सांगू?’ तक्रार खरी असेल तर तो या तिन्हींपैकी एक निवडतो. नुसती वाफ काढायची असेल तर म्हणतो, ‘जाऊ द्या साहेब, मी आपलं सांगितलं.’ मग खरंच जाऊ द्यायचं, वहीत नोंदवायचं नाही. स्टोअरच्या माणसाबद्दल असं ऐकलेलं तुम्ही परस्पर स्टोअरमध्ये जाऊन बोललात, तर आठवड्यात सगळ्या प्लांटला कळतं की साहेबाला काही सांगितलं की ते नावासकट पुढे जातं.

या माणसाबद्दल एक सावधगिरी तुमच्या बाजूने घ्यायची. जो जास्त बोलतो त्याचं काम आपल्याला जास्त दिसतं. वर्षअखेरीला रेटिंग भरताना त्याची चार कामं पटकन आठवतात आणि चार मिनिटांत उठणाऱ्याचं एकही आठवत नाही. वन-टू-वनच्या नोंदी ठेवायचं खरं कारण हे आहे.

तिसरा, ‘हो साहेब’वाला. हा तुम्हाला खोटारडा वाटतोय. तो तुमचा मान ठेवतोय. मोठ्यांना तोंडावर नाही म्हणायचं नाही, हे त्याला घरात, शाळेत आणि वावरात शिकवलेलं आहे. डच मानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून अधिकाराचं अंतर मोजायचा एक निर्देशांक केला, त्यात भारताचा आकडा ७७ आहे, म्हणजे बराच वरचा. देशाची सरासरी समोर बसलेल्या माणसावर चिकटवू नये, पण तुमच्या केबिनमधली हवा कुठून येते ते यावरून कळतं.

त्याचा ‘हो’ ऐकायला शिका. नुसतं ‘हो साहेब’ म्हणजे ऐकलं. ‘हो, करून टाकू’ म्हणजे कधी ते ठरलेलं नाही. ‘पाहतो’ म्हणजे बहुतेक नाही. आणि ‘तुम्ही म्हणता तर करू’ म्हणजे मला पटलेलं नाही, उद्या बिघडलं तर तुमच्या नावावर. हा शेवटचा सगळ्यात मोलाचा. तो ऐकू आला की तिथेच थांबून विचारायचं, ‘तुमच्या हातात असतं तर कसं केलं असतं?’

अशा माणसाला ‘जमेल ना?’ हा प्रश्न कधीही विचारू नका. ‘हे उद्या रात्रपाळीला सुरू केलं तर पहिल्यांदा कुठं अडेल?’ असं विचारा. आता अडचण सांगणं म्हणजे साहेबाला नकार देणं राहत नाही, तुम्हीच मागितलेली गोष्ट होते. किंवा दोन पर्याय ठेवा, दोन्ही तुम्हाला चालणारे, आणि त्याला एक निवडू द्या. किंवा विचारा, ‘हे करायचं तर सध्याचं कोणतं काम मागे टाकू?’ ज्याच्या डोक्यावर आधीच सहा कामं आहेत तो इथे पहिल्यांदा खरं बोलतो. शेवटी काय ठरलं ते त्याच्याच तोंडून वदवून घ्या, पण परीक्षा घेतल्यासारखं नको. ‘मी लिहून घेतो, तुम्ही सांगा, काय ठरलं आपलं?’ एवढं बस्स. आणि त्याने पहिल्यांदा ‘हे नाही होणार’ म्हटलं त्या दिवशी तुमचा चेहरा सांभाळा. त्या एका क्षणावर पुढचं वर्षभर अवलंबून असतं.

चौथे, वडिलांच्या वयाचे. त्यांना प्लांटमध्ये सगळे नाना किंवा आबा म्हणत असतील, तुम्हीही म्हणा, आणि केबिनमध्ये आले तर आधी त्यांना बसू द्या. त्यांच्याशी ‘फीडबॅक’ हा शब्द काढू नका. शक्य तर तुम्हीच त्यांच्या टेबलापाशी जा. ज्या माणसाने जुन्या मशिनी हाताने जुळवल्या, त्याला एकतीस वर्षांच्या मुलाने केबिनमध्ये बोलावून ‘तुमच्या कामात सुधारणा हवी’ म्हणणं त्याच्या पचनी पडत नाही, आणि पडूही नये. सल्ला विचारा, आणि घेतलेला सल्ला लाइनवर दिसू द्या. नुसता विचारून सोडून दिलात तर तिसऱ्या वेळी ते म्हणतील, ‘तुम्हीच पाहा साहेब, तुम्ही शिकलेले.’

पण मान द्यायचा म्हणून कडू गोष्ट गिळायची नाही. नाना आयटीआयच्या अप्रेंटिसांवर सगळ्यांसमोर खेकसत असतील तर ते बोलावंच लागेल. कसं बोलायचं याला संशोधनाचा आधार आहे. क्लूगर आणि डिनिसी या संशोधकांनी १९९६ साली फीडबॅकवरच्या प्रयोगांतले ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने फीडबॅकचा फायदा दिसला, पण तिसऱ्या हिश्शाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम उलट बिघडलं होतं. बोलणं कामावरून घसरून माणसाच्या ‘मी’पर्यंत गेलं की परिणाम उतरतो, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणून ‘तुम्ही फार तापट आहात’ नको. ‘मंगळवारी हॉपर रिकामा राहिला तेव्हा तो पोरगा तुम्हाला सांगायला आला नाही, कारण सोमवारी सगळ्यांसमोर त्याला बोलणं बसलं होतं. चाळीस मिनिटं लाइन बंद राहिली,’ असं बोला. घटना, वार, परिणाम. एकाच वेळी एकच गोष्ट, चार भिंतींत, आणि जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर नको. पुढचं ते स्वतः बोलतील. नाही बोलले तरी ऐकलेलं असतं.

तुमच्या नऊ जणांत क्यूसीला एखादी मुलगी असेल, आणि तिच्या नावापुढे ट्रेनिंगवाल्यांनी ‘शांत स्वभाव’ लिहिलं असेल. तिच्या बाबतीत वरचा चालत-चालत बोलायचा सल्ला गुंडाळून ठेवा. साहेबाबरोबर गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेतला तर लहान गावात त्याची गोष्ट संध्याकाळपर्यंत तिच्या घरी पोचते. काचेची मीटिंग रूम, दिवसपाळी, ठरलेली वेळ, सगळ्यांना दिसेल असं. आणि तिचा शांतपणा कशाचा आहे ते बघा. सेकंड शिफ्ट सुटल्यावर बस कुठपर्यंत सोडते, रिजेक्ट मारलेला माल प्रॉडक्शनवाले परस्पर पास करून घेतात का, हे विचारून पाहा. मी पाहिलेल्या ‘शांत’ मुलींपैकी कितीतरी जणी या दुसऱ्या प्रश्नावर अर्धा तास बोलल्या आहेत.

इथवर सगळं वेगळं करायला सांगितलं. आता काय वेगळं करायचं नाही ते. मीटिंग होणार की नाही हे स्वभावावर सोडायचं नाही. जो बोलत नाही त्याची मीटिंग पहिल्यांदा रद्द होते, कारण तो कुरकुर करत नाही. ते टाळा. दिलेला शब्द सगळ्यांच्या बाबतीत सारखा पाळायचा. रजा, ओव्हरटाइम, रेटिंग यांचे निकष सगळ्यांना एकच, मग बोलायची पद्धत कोणतीही असो. आणि तुम्ही नानांच्या टेबलापाशी जाता, दुसऱ्याला केबिनमध्ये बोलावता, हे लोक मोजतात. लपवू नका. टीम मीटिंगमध्येच सांगून टाका, ‘ज्याला जिथे बोलायला बरं वाटतं तिथे बोलू, प्रत्येकाने आपापली जागा सांगा.’ पक्षपाताची कुजबुज तिथेच कमी होते.

किती वेळाने भेटायचं हेही सरसकट पंधरा दिवस ठेवू नका. इंटेलचे अँडी ग्रोव्ह, ज्यांनी ही वन-टू-वनची पद्धत आपल्या कंपनीत रुजवली, त्यांचं म्हणणं होतं की ते माणसाच्या ‘त्या कामातल्या’ अनुभवावरून ठरवावं. नवखा असेल तर वारंवार, मुरलेला असेल तर विरळ. आणि मीटिंग हाताखालच्या माणसाची असते, विषय त्याने आणायचे, असंही ते सांगत. यातली मेख अशी की, वीस वर्षं एक्स्ट्रूडर चालवलेला माणूस काल शिफ्ट इन्चार्ज झाला असेल तर माणसं सांभाळण्यात तो नवखाच आहे. त्याला आठवड्याला भेटा. तो गप्प झाला असेल तर त्याचा स्वभाव बदललेला नाही, काम बदललंय.

वेळेचं भान ठेवा. रात्रपाळी सुटताना कोणाला थांबवून घेऊ नका, त्या वेळी मिळालेल्या उत्तराला किंमत नसते. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारी तीनला शेडमध्ये कोणाचाही स्वभाव तापटच असतो. सकाळी आठला घ्या. मृगाच्या तोंडावर तुमच्याकडे पाइपच्या डिस्पॅचची घाई आणि त्यांच्याकडे स्वतःच्या दोन-चार एकरांची पेरणी, त्या आठवड्यांत ‘करिअर’वर बोलायचं नाही, ‘कोणाला कोणते दिवस हवेत’ एवढंच. कापूस वेचणीचंही तसंच. आणि श्रावणात खान्देशच्या कानबाई देवीच्या विसर्जनाच्या सोमवारी निम्मी लाइन रिकामी राहणार, हे माहीत असून तुम्ही आधी विचारलं नाही, तर लोक खोटं आजारपण सांगतात. आधी विचारलंत तर आपसात अदलाबदल करून देतात.

तुमचाही एक स्वभाव आहे, हे विसरू नका. प्रश्नावरून तुम्ही घाईचे आणि मुद्द्याचे वाटता. तसे असाल तर बोलक्या माणसावर तुम्ही जास्त चिडणार आणि ‘हो साहेब’ म्हणणाऱ्यावर खूश होणार. तो धोका मोठा. टीमलाच सांगा, ‘मी मधेच तोडतो, तोडलं तर हात वर करा.’ दोघं-तिघं करतील.

पहिल्या फेरीत प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारा. ‘सकाळी बोलायला बरं की शिफ्ट संपताना?’ ‘चूक झाली तर लगेच सांगू की दुसऱ्या दिवशी?’ ‘आधीच्या साहेबांची कोणती पद्धत तुम्हाला बरी वाटायची?’ तिसऱ्या प्रश्नात सगळं येतं, कारण त्यात स्वतःबद्दल बोलावं लागत नाही. उत्तरं वहीत लिहा आणि तीन-चार मीटिंगांनंतर पुन्हा तपासा. माणसं एकच उत्तर कायम देत नाहीत. बढती, बहिणीचं लग्न, वडिलांचं आजारपण, यात तोच माणूस वेगळा होतो.

राहिला एचआरचा इंग्रजी फॉर्म. तो माणसासमोर उघडू नका. तो गेल्यावर पाच मिनिटांत तुम्ही भरा, जमलं तर मराठीत, आणि ‘स्वभाव’ किंवा ‘कम्युनिकेशन स्टाइल’ असा रकाना असेल तर तिथे विशेषणं लिहू नका. ‘सकाळी, लाइनजवळ, अहिराणीत, कागद लागतो’ असं लिहा. उद्या तुमची बदली झाली तर पुढच्या मॅनेजरला ‘घुमा’ या शेऱ्यापेक्षा ते कामाला येईल. एचआरने मीटिंग किती मिनिटं चालली हे विचारलं आणि ती अकरा मिनिटांची झाली असेल, तर अकराच लिहा.